श्रावस्ती सरवदे आणि दोन कस्तुराबाई

उमरग्याच्या कोर्टाच्या फाटकाबाहेर लिंबाखाली माझं टायपिंगचं टेबल आहे. एकतीस वर्षं झाली. आधी मशीन होतं, आता कॉम्प्युटर आहे आणि वर ताडपत्री. माझं नाव लिंबाजी. नवीन पक्षकार 'लिंबाखालचे लिंबाजी कुठं बसतात' असं विचारत येतात, आणि मी सापडतो. पण हे माझ्याबद्दल नाही, ॲडव्होकेट श्रावस्ती सरवदे यांच्याबद्दल आहे. त्यांचा प्रत्येक कागद माझ्या बोटांखालून गेलाय, म्हणून सांगायचा थोडाफार हक्क मला आहे.

मॅडम मूळच्या सास्तूरच्या. भूकंप झाला तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. वडील श्रीपती शाळेत शिपाई, आई बनाबाई रोजानं जायच्या. पुढं गाव नव्यानं वसलं, तेव्हा सगळी घरं एका मापाची, एका रंगाची. पहिल्या महिन्यात श्रीपतीमामा शाळा सुटल्यावर दोनदा भलत्याच घरात जाऊन पाटावर बसले. दुसऱ्यांदा तर त्या घरच्या बाईनं वाढलंसुद्धा, आणि पोटभर जेवून झाल्यावर दोघांच्या लक्षात आलं. हे मॅडम हसत सांगतात. श्रीपतीमामांना ते अजून आवडत नाही.

औरंगाबादला वकिली शिकून मॅडम उमरग्यात आल्या, तेव्हा इथल्या कोर्टात त्यांच्यासाठी काही उरलेलं नव्हतं. हायवेवरच्या अपघातांचे दावे जुन्या वकिलांनी वाटून घेतलेले. जमिनीच्या वाटण्या नात्यागोत्यातल्या वकिलांकडं जायच्या. सरवद्यांच्या पोरीकडं बांधाचं भांडण घेऊन कोण येणार? तीन वर्षं त्या बार रूमच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून कायद्याची पुस्तकं वाचत राहिल्या. एका पुस्तकात ट्रेडमार्कचं प्रकरण होतं. आमच्या कोर्टात ते पान कुणी उघडलं असेल असं मला वाटत नाही.

मग एक दिवस पंपाच्या एका कंपनीचा माणूस पुण्याहून आला. कंपनीचा पंप 'जलमोती'. इथं बाजारात 'जलमोत्ती' विकला जात होता. त्याला स्थानिक वकील पाहिजे होता. बार रूममध्ये त्यानं विचारलं, तेव्हा एका ज्येष्ठ वकिलांनी चष्म्यावरून बघत म्हटलं, "एका त नं काय होतंय?" कोपऱ्यातून मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "मी बघते."

ती त्यांची पहिली धाड. कोर्टानं नेमलेला कमिशनर, बेलीफ, एक हवालदार, दोन पंच आणि पंचनामा लिहून घ्यायला मी. दुकानात शिरलो तर समोर तीन फळ्या. वरच्या फळीवर पाटी 'ओरिजनल', मधल्या फळीवर पाटी 'डुप्लिकेट'. दुकानदार स्टूल पुसून पुढं आला.

"या मॅडम, कोणता दाखवू?"

"डुप्लिकेट," मॅडम म्हणाल्या. "जप्त करायला आलोय."

"मग मधल्या फळीवरचे न्या. खालच्या फळीला हात लावू नका. तो डुप्लिकेटचा डुप्लिकेट आहे, करंट मारतो."

हवालदार दोन पावलं मागं सरकला. दुकानदाराचं म्हणणं सरळ होतं. तो कुणाला फसवत नव्हता, पाटी लावून विकत होता. मॅडमनी त्याला शांतपणे कायदा समजावला. तेवढ्यात कंपनीच्या माणसानं वरच्या फळीवरचा पंप उचलला, उलटा केला, आणि त्याचा चेहरा पडला. ओरिजनल पाटीखालचेही सगळे बनावटच होते.

दुकानदार मटकन खाली बसला. "म्हणजे मला फसवलं?" असं म्हणत तो खरोखर रडायला लागला. ज्यानं त्याला तो माल ओरिजनल म्हणून दिला होता, त्याच्यावर केस करायला दुसऱ्या दिवशी तो मॅडमकडंच आला. मॅडमनी सांगितलं, मी तुमच्याविरुद्ध उभी आहे, तुमचं वकीलपत्र घेता येत नाही. "पण तुमच्याइतकं ह्यातलं कळतं कुणाला?" असं म्हणत तो आठवडाभर येत राहिला.

तेव्हापासून गाडी सुरू झाली. बियाणं, चहा, केसांचं तेल, पाठीला लावायचा बाम, सगळ्यांच्या नकला आणि सगळ्यांचे दावे. चहाच्या धाडीत हवालदारानं जप्त करायच्याच पुड्यातला चहा दोनदा पिऊन झाल्यावर सही केली, आणि "चव मात्र चांगली आहे, तेबी लिहा" असा आग्रह धरला. मॅडमनी लिहायला लावलं. त्यांचा नियम होता, घडलं ते लिहायचं. बार रूममध्ये त्यांना आधी 'नकलीवाल्या वकील' म्हणायचे. मग तोंडात बसेल तसं ते 'नकली वकील' झालं. खेड्यातले पक्षकार माझ्याकडं येऊन विचारायचे, "इथं नकली वकील कुठं बसतात?" मी बोट दाखवायचो. मॅडमनी कधी हरकत घेतली नाही.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. २०२२ साली, पोळ्याच्या आठवड्यात, तेरखेड्याहून कस्तुराबाई आल्या.

शहात्तर वर्षांची बाई, पाठीला बाक, मोतीबिंदूचा जाड चष्मा, तोंडात चार दात. एस.टी. बदलत एकट्या आल्या होत्या. मेथीच्या जुड्या भरलेली पिशवी त्यांनी माझ्या टेबलावर उपडी केली. मेथीखालून सुतळी बॉम्बची दोन पाकिटं निघाली. मी पेटवलेली बिडी चपलेखाली चिरडली आणि मॅडमना हाक मारली.

तेरखेड्यात फटाके करणारी घरं पुष्कळ. कस्तुराबाईंच्या घराचा माल 'कस्तुराबाई छाप' म्हणून चार जिल्ह्यांत जायचा. १९९८ साली त्यांच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, त्यांना बार्शीच्या स्टुडिओत नेऊन फोटो काढला होता. डोक्यावर पदर, नाकात नथ, कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू. तो फोटो गोल करून खोक्यावर छापला, आणि बारका करून प्रत्येक सुतळी बॉम्बवर चिकटवला. ट्रेडमार्कची नोंदणीही मालकांनी करून ठेवली होती. मालक गेले, धंदा बाईंनी चालवला.

"ह्या पाकिटावर म्या हाय," त्यांनी एकावर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. "आन् ही म्या न्हाय. ही दुसरीच हाय. पर दुकानदार म्हणत्यात, आजी दोनीवर येकच फोटू हाय की."

दुसऱ्या पाकिटावर 'कस्तुरीबाई छाप' लिहिलं होतं. तसाच पदर, तशीच नथ, तसंच कुंकू. मॅडमनी दोन्ही पाकिटं उन्हात धरली. मग समोरच्या बाईंकडं बघितलं. मीही बघितलं. दोन फोटोंतल्या बाया सख्ख्या बहिणी शोभल्या असत्या. समोर बसलेली बाई मात्र दोघींपैकी कुणासारखीच नव्हती. मॅडमनी मला फक्त वकीलपत्राचा फॉर्म काढायला सांगितला.

नकली माल विकणारा निघाला उमाशंकर. कर्नाटकच्या सीमेपलीकडच्या खेड्यातला, तीस वर्षांचा, बायपासला गोडाऊन घेतलेला. धाड पडली तेव्हा तो पळाला नाही. उलट आम्हाला बसायला खोकी दिली. ती फटाक्यांचीच होती, म्हणून कुणी बसलं नाही.

"हे कुणाचं चित्र आहे?" मॅडमनी विचारलं.

"आमच्या अव्वाचं. माझी आई, सिद्धम्मा. आईचा फोटो लावणं गुन्हा आहे का, मॅडम?"

"आणि कस्तुरीबाई कोण?"

"कस्तुरी आमची म्हैस आहे." तो जराही न अडखळता म्हणाला. "बाई आपलं मानानं लावलं. चेहरा आईचा, नाव म्हशीचं. दोन्ही माझ्याच घरचं."

मी टाईप करता करता मॅडमकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. घडलं ते लिहायचं.

एकशेचाळीस खोकी जप्त झाली, आणि खरी पंचाईत तिथं सुरू झाली. कोर्टाच्या मुद्देमालाच्या खोलीत फटाके ठेवायचे नाहीत असं नाझर म्हणाले. पोलीस ठाण्यात तर पाय ठेवू दिला नाही. दारूगोळा ठेवायचा परवाना असलेल्या जागीच तो ठेवता येतो, असं शेवटी निघालं. आणि अर्जावर ज्यांचा परवाना जोडलेला होता त्या एकट्या कस्तुराबाईच. तेव्हा कोर्टानं नकली माल सांभाळायला असली मालाच्या मालकिणीच्या ताब्यात दिला. सुपुर्तनामा मी टाईप केला. खोकी तेरखेड्याला गेली आणि कस्तुराबाईंच्या गोदामात त्यांच्याच खोक्यांशेजारी रचली गेली.

दिवाळीनंतर चार दिवसांनी मॅडमना फोन आला. त्यांनी स्पीकर लावला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"वकीलबाई, मुद्देमाल खपला."

"खपला म्हणजे?"

"गड्यांनी गाडीत भरला की. गडबडीत कुणी बघतंय का, कंचं तोंड कुणाचं? परभणीकडं गेला समदा."

"आजी, तो पुरावा होता!"

"व्हय. पर तिकडून फोन आलाय. आणखी धाडा म्हणत्यात, लई चांगला वाजला."

दुसऱ्या कुणी वकिलानं काहीतरी जुळवलं असतं, उंदरांनी खाल्ला म्हटलं असतं. मॅडमनी सगळं जसंच्या तसं लिहून कोर्टात अर्ज दिला. त्यावर उमाशंकरचे वकील रणधीर जगदाळे यांनी उलट दावा ठोकला. तरुण माणूस, कोट नेहमी इस्त्रीचा. त्यांचं म्हणणं असं की, कस्तुराबाईंनी आमच्या पक्षकाराच्या आईचं तोंड वापरून माल विकला आहे, तेव्हा नकलीचा गुन्हा त्यांनीच केला आहे. आता त्याच खोक्यांसाठी दोन्ही बाजू एकमेकींवर फिर्यादी होत्या, आणि खोकी जगात कुठंच नव्हती. उरलं होतं प्रत्येकी एक रिकामं पाकीट, लाखेनं सील केलेलं.

न्यायाधीशसाहेबांनी दोन्ही कागद वाचले, चष्मा काढला, डोळे चोळले, पुन्हा वाचले. म्हणाले, "दोन्ही बायांना हजर करा."

तारीख पडली त्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. आधी कस्तुराबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. रणधीररावांनी पाकीट त्यांच्या डोळ्यांपुढं नाचवलं.

"ह्यावरची बाई तुम्हीच, हे कशावरून?"

"म्या न्हाय तर कोण?"

"ह्या बाईच्या कपाळावर कुंकू आहे."

"मालक व्हते तवा."

"हिचे दात सगळे आहेत."

"मोजलं का तुमी?" कस्तुराबाईंनी विचारलं. "तोंड तर मिटल्यालं हाय."

साहेबांनी हसू दाबलं. मॅडमनी आधार कार्ड पुढं केलं. साहेबांनी कार्ड बघितलं, पाकीट बघितलं, बाईंकडं बघितलं. कार्डावरची बाई तिसरीच होती. "हे राहू द्या," असं म्हणून त्यांनी ते परत केलं.

मग सिद्धम्माला पुकारलं. ती दारातून आत आली आणि सगळं कोर्ट एकदम 'आँ' झालं. पदर, नथ, कुंकू, भरलेलं तोंड. १९९८ सालचं पाकीट चालत आल्यासारखं. बेलीफ तर हात जोडून म्हणाला, "या, कस्तुराबाई."

"ह्या सिद्धम्मा," मॅडम म्हणाल्या, पण त्यांचा आवाज जरा खोल गेला होता. सिद्धम्मा तिच्या स्वतःच्या पाकिटापेक्षाही आमच्या पाकिटाशी जास्त जुळत होती. कायद्यात कसोटी अशी की अर्धवट आठवणारं साधं गिऱ्हाईक फसेल का. इथं सिद्धम्मा स्वतः फसली असती.

रणधीरराव खुशीत पुढं झाले. "बाई, हा फोटो तुमचा ना?"

सिद्धम्मानं पाकीट हातात घेतलं. तिला मराठी येत होतं, बोलणं मात्र कानडी वळणाचं. "हौद्री. माझाच. जत्रेत काढलेला." मग पाकीट उलटं करून बघितलं. "हे काय हाय?"

"सुतळी बॉम्बचं पाकीट."

"म्हंजे?"

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. उमाशंकरनं तिला 'सरकारी सही करायची हाय' म्हणून गाडीवर बसवून आणलं होतं. ती लाख फोडून पाकिटाच्या आत बोट घालून बघू लागली. तळाला एका बॉम्बवरून सुटलेली गोल चिठ्ठी चिकटून राहिली होती, आठ आण्याच्या नाण्याएवढी. त्यावर तिचं तोंड होतं, आणि मधोमध, नथीच्या जरा वर, वातीसाठी पाडलेलं भोक.

"अय्यो शिवा!" ती म्हणाली. "माझ्या नाकात वात घालून पेटवता?"

"अव्वा, तसं न्हवं," उमाशंकर मागून म्हणाला.

"दर दिवाळीला पोरं माझं तोंड उडवत्यात? तू अंगणात उभा राहून बघतो?" तिनं पिंजऱ्याच्या कठड्यावरून हात लांब करून पाकीट त्याच्या डोक्यात मारलं. लाखेचा तुकडा रणधीररावांच्या कोटावर पडला. साहेबांनी टेबलावर पेन आपटलं. सिद्धम्मानं साहेबांकडं वळून हात जोडले. "साहेब, माझं तोंड काढा. आज, आत्ता काढा. मला इचारलं न्हाय कुणी."

"तुमची हरकत आहे म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"हाय तर! जळत्यात माझ्यावर लोकं, पर असं न्हवं."

रणधीररावांनी खाली बसून कागद गोळा करायला सुरुवात केली. त्यांच्या उलट दाव्याचा पायाच निघून गेला होता, कारण ज्या चेहऱ्याचा हक्क ते सांगत होते तो चेहराच नाही म्हणत होता. साहेबांनी हुकूम दिला : 'कस्तुरीबाई' नावानं आणि त्या चेहऱ्यानं माल विकायला कायमची मनाई. खाली हस्ताक्षरात एक ओळ लिहिली, की म्हशीला हजर करण्याची गरज भासली नाही.

दुपारी दोघी बाया माझ्या टेबलामागच्या बाकावर एकत्र बसलेल्या मी बघितल्या. सिद्धम्मा मॅडमकडं पोराविरुद्ध केस करायला आली होती. मॅडमनी तिलाही सांगितलं, मी समोरच्या बाजूची वकील आहे, मला तुमचं काम घेता येत नाही. मग ती नुसतीच बसून राहिली. कस्तुराबाईंनी फडकं सोडून भाकरी आणि शेंगाची चटणी काढली आणि अर्धी तिच्यापुढं केली.

"मलाबी न्हवतं इचारलं," कस्तुराबाई म्हणाल्या.

"कुणी?"

"मालकानं. फोटू काढाय जायचंय म्हणला. मला वाटलं, भिंतीवर लावायला. पयल्या दिवाळीला दार लावून घरात बसले व्हते. गल्लीत एक वाजला की आंग कापायचं. वाटायचं, ही म्या गेले. ही बी म्याच गेले."

"मग?"

"मग सव झाली. खपत व्हता ना माल."

मॅडम शेजारी उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी शेकडो चिन्हं, अक्षरं, रंग, आकार वाचवले होते. चिन्हावरच्या माणसाला काय वाटतं, हा प्रश्न त्यांना कुठल्या पुस्तकात भेटलेला नव्हता. त्या दिवशी त्या लवकर घरी गेल्या.

जिंकलो, असं आम्हाला वाटलं. पण आठवड्यातच स्थानिक पेपरात बातमी आली. मथळा 'नकली कस्तुराबाई कोर्टात उघड्या', आणि फोटो दोघींचे. सिद्धम्माच्या फोटोखाली छापलं होतं 'खऱ्या कस्तुराबाई', आणि कस्तुराबाईंच्या खाली 'नकली'. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी आली, चौथ्या पानावर, मुंग्यांएवढ्या अक्षरांत. तोपर्यंत दुकानदारांनी माल परत पाठवायला सुरुवात केली होती. त्यावर नवा फोटो छापू, सध्याचा, असं कस्तुराबाईंनी ठरवलं. चष्मा, चार दात, पांढरं कपाळ. तो माल बाजारात गेला आणि फोन आले, "ही कोण आजी? आम्हाला कस्तुराबाई पाहिजे."

तेव्हा कस्तुराबाईंनीच डोकं चालवलं. त्या मॅडमकडं आल्या आणि म्हणाल्या, "त्या सिद्धम्माला इचारून घेऊ. आपुन इचारू. रीतसर."

मॅडम स्वतः गेल्या, मला घेऊन. सिद्धम्मा दारात धान्य पाखडत होती. म्हैसही तिथंच बांधलेली होती, मी मुद्दाम बघितली. सिद्धम्मानं सगळं ऐकलं, सूप बाजूला ठेवलं आणि अट घातली. फुलबाज्यांवर लावा, भुईनळ्यांवर लावा. पोरं ते धरून नाचतात, त्याला हरकत नाही. बॉम्बवर बेडा. बेडा म्हणजे नको, हे तिच्या हातावरूनच कळलं.

"मग बॉम्बवर कुणाचं लावायचं?" मॅडमनी विचारलं.

सिद्धम्मानं घरात बघितलं. उमाशंकर खाटेवर बसून मोबाईल बघत होता.

"त्याचं लावा," ती म्हणाली.

करारनामा मी टाईप केला, सात पानांचा. त्यात सिद्धम्मा हिचा चेहरा 'कस्तुराबाई' या नावानं शोभेच्या दारूवर वापरायची परवानगी होती, आणि उमाशंकर याचा चेहरा स्फोटक प्रकारावर. उमाशंकरनं सही करताना एकदा आईकडं बघितलं, मग मुकाट्यानं केली. पुढं तोच कस्तुराबाईंच्या मालाचा उमरग्याचा विक्रेता झाला. दुकानात पोरं येतात, आधी पाकीट बघतात, मग त्याला बघतात, आणि डझनानं घेऊन जातात. त्याला आता त्याचं काही वाटत नाही, असं तो म्हणतो.

मॅडमनी एक खबरदारी घेतली. ट्रेडमार्क नव्यानं नोंदवला आणि जुन्या चेहऱ्याचं एकही पाकीट शिल्लक ठेवायचं नाही असं सांगितलं. दोन चेहरे बाजारात राहिले तर पुन्हा गोंधळ. तेरखेड्याच्या कारखान्यातली जुनी पाकिटं, ठसे, छपाईच्या प्लेटा, सगळं जाळून, मोडून टाकलं. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला खबर आली, की आठवडी बाजारातल्या एका दुकानात बनावट कस्तुराबाई छाप आली आहे. आम्ही पुन्हा निघालो. कमिशनर, बेलीफ, हवालदार, पंच, मी. कस्तुराबाई छापतर्फे उमाशंकर. कस्तुराबाईही आल्या, नको म्हटलं तरी. दुकानात खोकं उघडलं आणि मॅडम थबकल्या. कुणीतरी १९९८ सालचंच पाकीट जसंच्या तसं छापलं होतं. डोक्यावर पदर, नथ, बंद्या रुपयाएवढं कुंकू. अगदी कस्तुराबाईंचाच फोटो.

दुकानदारानं पाकिटाकडं बघितलं, मग स्टुलावर बसलेल्या म्हातारीकडं, आणि दोन्ही एकच आहेत हे पहिल्यांदाच कुणालातरी दिसलं. त्याचे वडील तेरखेड्याचे होते, म्हणून असेल.

"ह्या तर तुम्हीच की, आजी!"

"व्हय, म्याच," कस्तुराबाई म्हणाल्या. "म्हणून तर खोटं हाय."

मी मांडीवर लॅपटॉप ठेवून पंचनामा घेत होतो. मॅडम सांगत गेल्या, "सदर पाकिटावर अर्जदार यांचा स्वतःचा खरा चेहरा छापलेला असल्यामुळे सदर माल बनावट असल्याचे दिसून आले."

माझी बोटं थांबली. "मॅडम, हे असंच?"

"असंच, लिंबाजीभाऊ."

पंचांनी दोनदा वाचलं आणि सही केली. हवालदारानं वाचलंच नाही.

खोकी गाडीत चढवत असताना कस्तुराबाई मॅडमजवळ आल्या. त्यांनी मॅडमचा काळा कोट कोपऱ्याला धरला.

"वकीलबाई, त्यातलं एक पाकीट मला द्याल का? रिकामंच."

"आजी, तो मुद्देमाल आहे. मला देता येत नाही."

"मालकानं काढलेला तेवढाच फोटू हाय वो. स्टुडिओतला छापखान्यात गेला, तिथनं माघारी आला न्हाय. घरात व्हतं ते तुमी जाळाय लावलं."

कोर्टात आल्यावर मॅडम थेट माझ्या टेबलाशी बसल्या आणि अर्ज सांगायला लागल्या. विषय : अर्जदाराचा चेहरा अर्जदारास परत मिळणेबाबत. त्यासाठी कुठलं कलम लावायचं ते त्यांनी बराच वेळ शोधलं. शेवटी कलमाची जागा रिकामी ठेवून अर्ज दिला. साहेब नवीन होते, जुनं प्रकरण त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी दुकानदाराच्या वकिलाला विचारलं, "तुमची हरकत?" वकिलानं खांदे उडवले. साहेबांनी अर्जावर लिहिलं, 'मंजूर. चेहऱ्याची छायाप्रत दप्तरी ठेवावी.'

नाझरनं एक पाकीट रिकामं करून, सही घेऊन, कस्तुराबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते पदरानं पुसलं, डोळ्यांजवळ नेलं, चष्मा वर केला, खाली केला. मग घडी न घालता, सपाट, ब्लाउजच्या आत सरकवलं आणि तेरखेड्याकडं जाणारी गाडी किती वाजता आहे असं मला विचारलं. मी सांगितलं. मॅडम बाकावर वाट बघत बसलेल्या पुढच्या पक्षकाराकडं वळल्या. तो शेंगदाण्याच्या चटणीचा कारखानदार होता, आणि त्याच्या हातात दोन बरण्या होत्या.